डोळ्यांच्या तक्रारी : कोणती साधी, कोणती तातडीची?



पुण्यातील कर्वेनगर हे मूळचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथील माळावर आणला आणि त्या एका झोपडीभोवती शिक्षणाची मोठी वसाहत उभी राहिली. आज येथे शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे अगदी शेजारी शेजारी आहेत. हजारो मुलेमुली एकाच बाकावर बसतात, एकाच नळावर हात धुतात, एकाच खोलीत राहतात. अशा ठिकाणी एखाद्याच्या डोळ्याची तक्रार पुष्कळदा एकट्याची राहत नाही. म्हणून कर्वेनगरच्या वर्गात बसून डोळ्यांचा विचार करणे सोयीचे आहे. तुमची शाळा कोठेही असली तरी हा धडा तिला तितकाच लागू पडेल.

डोळ्यांच्या बाबतीत आपण सगळेच एक चूक करतो. डोळा लालभडक झाला की घाबरतो आणि लाल नसला की निश्चिंत राहतो. पण दिसायला भयंकर असलेली तक्रार पुष्कळदा निरुपद्रवी असते, आणि दृष्टी कायमची नेणारी तक्रार कधी कधी आरशात दिसतसुद्धा नाही. मग तक्रारीची पारख कशी करायची? ते आज पाहू या.

डोळ्याची ओळख

डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. घड्याळाच्या काचेसारखे ते बुबुळावर बसवलेले असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते स्वच्छ राहते. वेदना कळवणारे मज्जातंतू मात्र त्यात भरपूर असतात. बारीकशी कुसळ गेली तरी आपण कळवळतो ते त्यामुळेच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, ओलसर आवरण असते. त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. ह्या आवरणात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्या फुगल्या की डोळा लाल दिसतो.

पारपटलाच्या मागे रंगीत पडदा आणि त्याच्या मध्यभागी बाहुली असते. तिच्यामागे भिंग, आणि सर्वांत मागे प्रकाशाची जाणीव असलेले दृष्टिपटल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भिंग आणि दृष्टिपटल यांना दुखण्याची जाणीव जवळजवळ नाही. तेथे बिघाड झाला तर डोळा दुखत नाही, लालही होत नाही; फक्त दिसणे कमी होते. म्हणजे दुखणे हा पहारेकरी पुढच्या दारात उभा आहे, मागच्या दाराला पहारा नाही.

डोळे येणे

आता पहिली आणि सर्वांच्या ओळखीची तक्रार. ‘डोळे आले’ म्हणजे नेत्रश्लेष्मलेला सूज आली. डोळ्यांत खुपते, पाणी येते, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. बहुतेक वेळा कारण असते विषाणू. कधी जीवाणू, तर कधी ॲलर्जी.

जुलै २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील आळंदीत ही साथ जोरात पसरली. काही दिवसांतच रुग्णांची संख्या हजारांच्या घरात गेली. त्यांत शाळांत शिकणारी आणि एकत्र राहणारी मुले फार होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत एंटेरोव्हायरस गटातील विषाणू सापडला. ह्या गटाची डोळ्यांशी ओळख जुनी आहे. १९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात अशीच मोठी साथ आली. त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी त्या आजाराला ‘अपोलो’ असे नाव दिले. १९७१ साली साथ भारतात पोहोचली. मुंबई-कलकत्त्यात घरोघरी डोळे आले. बांगलादेशच्या मुक्तिलढ्याचे ते दिवस. कलकत्त्यात आजाराचे नावच ‘जय बांग्ला’ पडले.

साथ पसरते कशी? डोळे आलेल्याकडे पाहिले की आपलेही डोळे येतात, असे पुष्कळांना वाटते. हे खरे नाही. नजरेतून विषाणू जात नाही; तो जातो हातातून. मुलगा डोळा चोळतो, त्याच हाताने बाकाला, दाराच्या कडीला, मित्राच्या कंपासपेटीला हात लावतो. मित्र तेथे हात लावून आपला डोळा चोळतो. एवढा प्रवास पुरतो. काळा चष्मा घातल्याने रुग्णाला प्रखर उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात सारखा डोळ्याकडे जात नाही. एवढाच त्याचा उपयोग. चष्म्याने साथ थांबत नाही. ती थांबते साबणाने.

म्हणून साथीच्या दिवसांत चार नियम पाळा. हात साबणाने वारंवार धुवा. रुमाल, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि काजळाची डबी कोणाचीही वापरू नका. वसतिगृहात तर हे फार महत्त्वाचे. डोळे आलेल्याने पाणी येणे थांबेपर्यंत घरी राहावे. डोळे पुसायला दर वेळी स्वच्छ कापूस किंवा कागदी रुमाल घ्यावा आणि तो लगेच कचऱ्यात टाकावा. थंड पाण्याच्या घडीने आराम वाटतो. विषाणूमुळे आलेले डोळे साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. प्रतिजैविकांचे थेंब विषाणूवर चालत नाहीत.

येथे एक धोक्याची सूचना. औषधांच्या दुकानातून ‘डोळ्याचे थेंब’ मागून आणण्याची सवय आपल्याकडे आहे. अशा काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली एका दिवसात उतरते आणि औषध गुणकारी वाटते. पण डोळ्यात जखम किंवा बुरशी असेल, तर हेच थेंब तिला मोकळे रान देतात. ते महिनोन् महिने घातले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. गेल्या वर्षीची उरलेली बाटली किंवा शेजारच्या काकूंना लागू पडलेली बाटली डोळ्यात घालू नये ती याचसाठी. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कांद्याचा रस यांनाही डोळ्यात जागा नाही. ते निर्जंतुक नसतात. बाळांच्या डोळ्यांत काजळ घालण्याची चाल आहे. पण काजळाने डोळे मोठे होत नाहीत, आणि काही सुरम्यांत शिसे असते, ते तर विषच.

चार प्रश्न

डोळा लाल झाला की लालीचे माप घेत बसू नका. चार प्रश्न विचारा.

पहिला : नीट दिसते का? एकेक डोळा झाकून पाहा.
दुसरा : खुपते की खोल दुखते?
तिसरा : उजेड अजिबात सहन होत नाही असे आहे का?
चौथा : डोळ्याला काही लागले आहे, किंवा आत काही उडाले आहे का?

दिसणे पहिल्यासारखे, दुखणे नाही, उजेड सोसतो आणि काही लागलेले नाही, अशी उत्तरे आली तर एक-दोन दिवस वाट पाहता येते. एका जरी प्रश्नाचे उत्तर वाईट आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे.

आता ही कसोटी वापरून पाहू. एखादा मुलगा सकाळी उठतो आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग दिसतो. घरात एकच गोंधळ. पण त्याला दिसते छान, दुखत काही नाही. जोराच्या खोकल्याने किंवा शिंकेने नेत्रश्लेष्मलेखालची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. जांभळी पडलेली नखे पाहिली आहेत ना? तसलाच हा प्रकार. दोन-तीन आठवड्यांत डाग आपोआप जातो. पुन:पुन्हा होऊ लागला, किंवा डोळ्याला मार लागून झाला, तर मात्र दाखवावे.

आता दुसरे उदाहरण. ऊसतोडणीला गेलेल्या एखाद्याच्या डोळ्याला उसाचे पाचट घासले गेले. लाली थोडीच आहे. पण डोळा खोल दुखतो, उजेड नको वाटतो, अंधुक दिसते. नीट पाहिले तर बुबुळावर टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका आहे. ही पारपटलावरची जखम. वनस्पतीच्या पानाने झालेल्या जखमेत बुरशी शिरते, आणि वेळीच उपचार न झाले तर डोळा जाऊ शकतो. जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. ‘बुबुळावर फूल पडले’ असे जुनी माणसे म्हणतात ते हेच. पहिल्या उदाहरणात लाली फार होती आणि धोका नव्हता. दुसऱ्यात लाली थोडी होती आणि धोका मोठा होता.

आणखी एक खूण सांगतो. साध्या डोळे येण्यात लाली पापण्यांकडे जास्त व बुबुळाकडे कमी असते. बुबुळाभोवती कड्यासारखी गडद लाली दिसली, तर आजार डोळ्याच्या आतला असण्याची शक्यता असते.

खाज आणि रांजणवाडी

दोन्ही डोळ्यांना सारखी खाज सुटणे हे बहुधा ॲलर्जीचे लक्षण. धूळ, परागकण, पाळीव प्राण्यांचे केस यांमुळे ती होते. ही तक्रार संसर्गजन्य नाही. पण मूल डोळे चोळते, आणि चोळणे हाच खरा शत्रू. वर्षानुवर्षे जोराने डोळे चोळणाऱ्या काही मुलांचे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते; मग चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही. म्हणून खाज सुटली तर चोळू नका, थंड पाण्याची घडी ठेवा, आणि खाज हटत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

पापणीच्या कडेला दुखरी पुळी येते ती रांजणवाडी. पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत जीवाणू शिरल्याने ती होते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटे शेका. रांजणवाडी पिळू नका, फोडू नका. ती वारंवार होऊ लागली तर चष्म्याचा नंबर आणि मोठ्या माणसांत रक्तातील साखर तपासून घेतात.

डोळ्यात काही गेले तर

ह्या भागातले एकही वाक्य विसरू नका, कारण येथे तास नव्हे तर मिनिटे मोजावी लागतात.

तंबाखूबरोबर खायच्या चुन्याची लहानशी पुडी किंवा नळी पुष्कळ घरांत असते. लहान मूल ती दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा तीव्र अल्क आहे. आम्ल पडले तर वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि आम्लाची पुढची वाट बरीचशी अडते. अल्क मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचा साबण बनवीत खोल शिरत जातो. म्हणून चुना आम्लापेक्षाही घातक.

अशा वेळी काय करायचे? मुलाला उचलून जवळच्या नळाखाली न्या, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि पाण्याची धार सोडा. निदान अर्धा तास धुवा. बांधकामावरचा चुना, सिमेंट, फरशी पुसायचे आम्ल, घरातली रसायने, सर्वांना हाच उपाय. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू किंवा शिरका घालू नका. त्याने नवी इजा होते. रुग्णालयात नेण्याच्या घाईत धुणे चुकवू नका. आधी पाणी, मग रिक्षा. पापणीखाली चुन्याचे कण अडकून राहतात, ते डॉक्टरांनाच काढावे लागतात. म्हणून बरे वाटले तरी डोळा लगेच दाखवावाच.

धुळीचा कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्यात डोळा उघडझाप करा. कण बुबुळावर रुतला असेल तर रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढायला जाऊ नका.

टोकदार वस्तू किंवा फटाका लागून डोळ्याचा गोळाच फुटला किंवा भोसकला गेला असेल, तर नियम उलटा. तेथे पाणी मारायचे नाही, दाबायचे नाही, थेंब घालायचे नाहीत. डोळ्याला न टेकेल असा कागदी पेला वर ठेवून त्याची कड चिकटपट्टीने कपाळाला व गालाला चिकटवायची आणि थेट नेत्ररुग्णालय गाठायचे. पुण्यात ससून रुग्णालयात नेत्रविभाग आहे. तुमच्या गावापासून जवळचे नेत्ररुग्णालय कोणते, हे आजच वर्गात लिहून ठेवा.

काही इजा उशिरा बोलतात. फॅब्रिकेशनच्या दुकानापुढे उभे राहून वेल्डिंगची ठिणगी पाहत राहणे मुलांना आवडते. त्या वेळी काही वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, घळाघळा पाणी येते. वेल्डिंगच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी पारपटलाचा वरचा थर भाजलेला असतो.

लेझरच्या झोताची इजा तर दुखतही नाही. गणेशोत्सवातील मिरवणुकांत असे झोत गर्दीवर सोडले जाऊ लागले, आणि २०२३ साली मिरवणुकीनंतर दृष्टिपटलावर रक्तस्राव झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आले. आपलेच भिंग तो किरण दृष्टिपटलावरच्या एका बिंदूवर एकवटते. बहिर्गोल भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग आठवा. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. बंदी असो वा नसो, झोत अंगावर आला की तोंड फिरवायचे, हे तुमच्या हातात आहे.

फळ्यावरचे दिसत नाही

आता शाळेतली सर्वांत शांत तक्रार. शांत म्हणण्याचे कारण असे की, ती करणाऱ्याला आपल्याला तक्रार आहे हेच ठाऊक नसते. जन्मापासून जसे दिसते तसेच सगळ्यांना दिसत असेल, अशी मुलाची समजूत असते. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, डोळे बारीक करून पाहतो, दूरदर्शनसंचाच्या जवळ जाऊन बसतो. शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. खरे म्हणजे दिसत नाही.

निकटदृष्टितेत डोळ्याचा गोळा थोडा लांबलेला असतो. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर. ती एका मिलिमीटरने वाढली की सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर येतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि फळा धूसर दिसतो. अंतर्गोल भिंग ती प्रतिमा मागे ढकलून जागेवर आणते. एखाद्याला ५० सेंटिमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नसेल, तर त्याला लागणाऱ्या भिंगाची शक्ती उणे २ डायॉप्टर. हे गणित तुम्हांला जमेल : एक भागिले ०.५ मीटर.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो का? नाही. वाढत्या वयात गोळा लांबत जातो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा न लावल्याने तो थांबत नाही. फळा तेवढा दिसेनासा होतो. गाजर खाल्ल्याने किंवा डोळ्यांचे व्यायाम केल्याने चष्मा सुटत नाही.

पण नंबर लागणे लांबवता येते का? येथे संशोधनाने एक आनंदाची गोष्ट दाखवली आहे. जी मुले दररोज उघड्यावर जास्त वेळ घालवतात, त्यांच्यात निकटदृष्टिता कमी आढळते. वर्गातला उजेड काही शे लक्स असतो; बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजार लक्स असतो. ह्या प्रखर उजेडामुळे गोळ्याची लांबण्याची गती मंदावते असे मानतात. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याचा फायदा दिसून आला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाल्यावर महर्षी कर्वे पायी हिंगण्याला येत असत. तेवढे चालणे आपल्याला जमायचे नाही. पण मधल्या सुट्टीत वर्गातून बाहेर पडणे आणि संध्याकाळी मैदानावर जाणे नक्की जमेल. मात्र सूर्याकडे टक लावून पाहायचे नाही.

मोबाइलचा पडदा डोळे जाळीत नाही. त्याचा त्रास दोन प्रकारचा : तो फार जवळ धरला जातो, आणि तो पाहताना आपण पापण्या मिटायला विसरतो. पापणी मिटली की अश्रूंचा थर डोळ्यावर सारखा पसरतो. तो वाळला की डोळे चुरचुरतात, डोके दुखते. म्हणून दर वीस मिनिटांनी मान वर करून निदान वीस फूट, म्हणजे सहा मीटर, दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. पुस्तक किंवा पडदा डोळ्यांपासून ३०–४० सेंटिमीटर दूर धरावा.

एक डोळा दुसऱ्याचे बिंग झाकतो

एका डोळ्याने उत्तम दिसत असेल, तर दुसऱ्याने दिसत नाही हे कळतच नाही. काही मुलांचा एक डोळा तिरळा असतो, किंवा एका डोळ्याचा नंबर फार मोठा असतो. मेंदू त्या डोळ्याची धूसर प्रतिमा नाकारू लागतो. डोळा निरोगी, पण त्याची दृष्टी घडतच नाही. ह्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत लक्षात आले तर चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येते. पुढे ते अवघड होत जाते. किंचित तिरळा डोळा भाग्याचा, किंवा मोठेपणी आपोआप सरळ होईल, असे समजून कित्येक आईवडील हीच वर्षे घालवतात. तुमच्या धाकट्या भावंडांसाठी पुढचा प्रयोग अवश्य करा.

प्रयोग पहिला : वर्गाची दृष्टितपासणी

नेदरलंड्समधील हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली दृष्टी मोजण्याचा तक्ता तयार केला. त्याचे तत्त्व सोपे आहे. निरोगी डोळ्याला ५ मिनिटांचा कोन करणारे अक्षर वाचता येते. (एका अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट.) ६ मीटरवर असे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते, तर ९ मीटरवर सुमारे १३ मिलिमीटर.

पांढऱ्या जाड कागदावर १३ मिलिमीटर लांबी-रुंदीचा, तीन दात असलेल्या फणीसारखा आकार काळ्या शाईने काढा. प्रत्येक दात आणि मधली प्रत्येक जागा २.६ मिलिमीटरची असावी. भरपूर उजेडाच्या व्हरांड्यात बरोबर ६ मीटर अंतर मोजून रेघ मारा. मित्राला रेघेवर उभे करा. तळहाताची पोकळ वाटी करून त्याने एक डोळा झाकावा. डोळा दाबू नये, बोटांच्या फटीतून पाहू नये. कागद फिरवून पाच वेळा दाखवा. दात कोणीकडे आहेत, हे त्याने हाताने दाखवावे. मग दुसरा डोळा. चष्मा असेल तर चष्म्यासह तपासा.

पाचांपैकी चार उत्तरे बरोबर आली नाहीत, तर त्या डोळ्याची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावी. ही परीक्षा नव्हे, त्यामुळे कोणी नापास होत नाही. निकाल वर्गात मोठ्याने वाचू नये. शिक्षकांनी तो पालकांना सांगावा. चष्मा लागला म्हणून कोणाला चिडवू नये. त्या भीतीने दप्तरातच राहिलेल्या चष्म्याचा कोणालाच उपयोग नाही.

प्रयोग दुसरा : पापण्या मोजा

मित्राशी गप्पा मारता मारता एका मिनिटात त्याच्या पापण्या किती वेळा मिटतात ते मोजा. मग तो मोबाइलवर वाचत असताना मोजा. आपण मोजतो आहोत हे त्याला सांगू नका, नाहीतर आकडे बदलतील. दोन आकड्यांत किती फरक पडला?

घरातील मोठ्यांसाठी

आजी-आजोबांच्या डोळ्यांतील भिंग वयाबरोबर गढूळ होते, हा मोतीबिंदू. तो थेंबांनी विरघळत नाही. शस्त्रक्रियेने भिंग बदलता येते आणि दृष्टी परत येते. काचबिंदूची गोष्ट वेगळी. त्यात दृष्टीचा तंतू हळूहळू निकामी होतो. बाजूचे दिसणे आधी जाते, मधले शेवटी. दुखत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडतात, त्याही गुपचूप. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांची नियमित तपासणी, आणि मधुमेह असेल तर दरवर्षी दृष्टिपटलाची तपासणी करावी. आजच घरी जाऊन आजीला एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तारखा वाचायला सांगा. कित्येकांना आपला एक डोळा अधू आहे हे असेच कळते.

आहाराचेही महत्त्व आहे. अ जीवनसत्त्व कमी पडले की प्रथम रातांधळेपणा येतो, मग पारपटल कोरडे पडते आणि लहान मुलांचे डोळे जातात. १९७० पासून आपल्या देशात बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम चालू आहे. अंबाडी, मेथी, शेवग्याची पाने, अळू, पपई, आंबा, गाजर, तांबडा भोपळा, दूध व अंडी यांतून ते मिळते. हे पदार्थ चष्म्याचा नंबर घालवीत नाहीत. ते डोळा वाचवतात.

साध्या उपायांची ताकद किती? खुपऱ्या हा एकेकाळी भारतातील अंधत्वाच्या प्रमुख कारणांपैकी एक आजार होता. औषधे, स्वच्छ पाणी आणि चेहरा धुण्याची सवय यांनी तो हटत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

वर्गात लावण्यासाठी तक्ता

ताबडतोब, त्याच मिनिटाला : चुना, सिमेंट, आम्ल किंवा इतर रसायन गेले (आधी अर्धा तास पाणी); डोळा भोसकला गेला (पाणी नाही, दाब नाही); अचानक दिसेनासे झाले.

त्याच दिवशी : लाल डोळा आणि खोल दुखणे, अंधुक दिसणे किंवा उजेड न सोसणे; बुबुळावर पांढरा ठिपका; पाने, काडी, चेंडू किंवा फटाका लागणे; डोळ्यापुढे एकाएकी पुष्कळ काळे ठिपके किंवा प्रकाशाच्या चमका दिसणे.

आठवड्याभरात : फळा धूसर दिसणे, वारंवार डोके दुखणे, तिरळेपणा, न हटणारी खाज, रात्री कमी दिसणे.

घरी काळजी घेऊन वाट पाहता येईल : न दुखणारा, नीट दिसणारा लाल डोळा, नुकतीच आलेली रांजणवाडी. चार दिवसांत उतार पडला नाही तर दाखवावे.

स्वाध्याय

१. काळा चष्मा घातल्याने डोळे येण्याची साथ का थांबत नाही?
२. डोळ्यात चुना गेला असता लिंबाचा रस घालणे चूक का?
३. एका मुलीला २ मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. तिला किती शक्तीचे व कोणत्या प्रकारचे भिंग लागेल?
४. दृष्टितपासणीत एकेक डोळा झाकून का पाहतात?
५. न दुखता दृष्टी नेणाऱ्या दोन आजारांची नावे सांगा. तुमच्या घरी त्यांची तपासणी कोणी करून घ्यायला हवी?